फूटपट्टीचे टाके

चांगुणाबायचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. पुढे जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे, आणि स्वतःची चूक सांगायला बसलं की माणूस स्वतःभोवतीच घुटमळत राहतो; ज्यानं हात धरला त्याचं नाव शेवटी कुठंतरी, पंगत उठताना विडा द्यावा तसं येतं. तसं नको व्हायला. भातसानगरच्या वसाहतीच्या खालच्या अंगाला एक पाडा होता, तिथली ही बाई. तेव्हा चाळिशीची असेल. डोक्यावर भाजीची पाटी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पुढचे दोन दात थोडे बाहेर, आणि बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघायची सवय. तोंडाकडे नाही, हातांकडे. "तोंड काय गो, शिकवलं का बोलतं," म्हणायची. तिनं माझे हात नीट बघितले म्हणून पुढचं आयुष्य मला जगता आलं, एवढं मी आज खात्रीनं सांगू शकते. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, आणि दाजींचे उपकार आहेतच. त्यांच्या घरचं मीठ खाऊन मी मोठी झाले. पण ती घरची माणसं. चांगुणाबाय माझी कोण लागत होती? कोणीच नाही.

माझं गाव जतच्याही पलीकडे, ज्वारीच्या मुलखात. शाळा मी आठवीत सोडली. सोडली म्हणजे माझ्या हातून निसटली. मी ढ नव्हते, पण मला खाडाखोड सहन व्हायची नाही. वहीत एखादं अक्षर वाकडं आलं की खोडायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा खोडायचं. कागदाला भोक पडलं की सगळं पानच फाडायचं. वर्षाच्या शेवटी माझ्या वहीत चार-सहा पानं शिल्लक असायची आणि ती मात्र छापल्यासारखी. गणिताच्या परीक्षेत एका त्रिकोणाची बाजू मनासारखी येईना, म्हणून मी घंटा होईपर्यंत तो त्रिकोणच काढत बसले. बाकीचा पेपर कोरा. पुढच्या वर्षीही असंच काहीतरी झालं. वडील रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "हिला शाळा मानवंना झालीया." त्याच सुमारास आक्काचं पत्र आलं. दाजी धरणावर नोकरीला होते. आक्काला दिवस गेले होते, पहिलं मूल जन्मून दोन दिवसांतच गेलं होतं, आणि या वेळी डॉक्टरांनी तिला वाकायचं नाही, उचलायचं नाही असं बजावलं होतं. 'सुमीला पाठवून द्या' असं पत्राच्या शेवटी होतं. मला पाठवून दिलं. पिशवीत दोन परकर-पोलकी, आईनं दिलेलं शेंगदाण्याच्या चटणीचं पुडकं, आणि कुणाला न सांगता घेतलेली शाळेतली लाकडी फूटपट्टी. ती का घेतली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज वाटतं, सरळपणाची तेवढीच एक हमी माझ्याजवळ होती.

वसाहतीतलं घर दोन खोल्यांचं, वर सिमेंटचे पत्रे. दाजींच्या पाळीचा भोंगा झाला की मला दचकायला व्हायचं. आमच्या गावी वाजायची ती फक्त देवळातली घंटा. रात्रंदिवस कुठंतरी पाण्याचा आवाज चालू असायचा, आणि दुष्काळी भागातल्या मला तो आवाज ऐकून पहिले कितीतरी दिवस वाटायचं की कुणीतरी नळ चालू ठेवून विसरलंय, उठून बंद करायला हवा. घरात भात दोन वेळा. ज्वारी शहापूरच्या बाजारात मिळायची, पण आक्काला तिची आता सवय राहिली नव्हती. इथल्या तांदळाच्या भाकरीला आधी उकड काढावी लागते हे मला ठाऊक नव्हतं; माझ्या भाकऱ्यांना कडेनं भेगा पडायच्या. मी काय करायचे, भेगाळलेल्या, पोट न फुगलेल्या भाकऱ्या बाजूला ठेवायचे आणि आक्का झोपली की चुलीपाशी बसून पटापट खाऊन टाकायचे, पाण्याबरोबर. दाजींच्या ताटात जायच्या त्या गोल, पांढऱ्याशुभ्र. आक्का म्हणायची, "सुमे, तुला गं जेवताना भूक कशी लागत नाही?" कशी लागणार? चार-चार वाकड्या भाकऱ्या माझ्या पोटात आधीच गेलेल्या असायच्या.

एकदा दाजी बाहेरच्या खोलीत आक्काला म्हणत होते, "पोरगी दिवसभर घाबरलेली असते. परत धाडायची का हिला?" मी आत भांडी घासत होते. पुढचं मी ऐकलं नाही. ऐकायचं धैर्य नव्हतं. मला एवढंच कळलं की माझ्या कामात कुठंतरी खोट निघाली आहे. परत जाऊन काय करणार होते मी? नापास झालेली, बहिणीच्या घरूनही परत आलेली. त्या दिवसापासून मी कपांचे कानसुद्धा एका दिशेला करून ठेवायला लागले.

चांगुणाबाय दर दोन-तीन दिवसांनी यायची. वालाच्या शेंगा, माठ, काकडी, कधी करटोली. पाटी उतरवून पायरीवर बसायची आणि कोरा चहा मागून घ्यायची. थंडी सुरू झाली होती, भाताची झोडणी आटपली होती, पाड्यावरच्या बायांना दुपारी जरा उसंत होती. आक्काच्या पोटाकडे बघून ती म्हणाली, "गोधडी घातलीव का नाय पोराला?"

"शहापुरातनं दुपटी आणायचीत," आक्का म्हणाली.

"दुपटी आण गो, तुला नको कोन बोलतो? पन पयली गोधडी इकतची नाय घ्याची. पाड्यातल्या बायांचा एकेक दोरा पडाला पायजे तिच्यात."

"का बरं?"

"रीत हाय आमची." आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या हातांकडे बघून, "ही हाय ना तुझी बहीण, हिला बसव. हात कसे हायेत बग, वल्या सुपारीवानी. ही शिवंल."

मला त्या बोलण्यानं इतका आनंद झाला की मी चहात साखर दोनदा घातली. इथं माझ्यावर कुणीतरी काम सोपवलं होतं.

वरच्या थराला आईचं जुनं इरकली लुगडं घेतलं. आक्काच्या बाळंतविड्यात वापरायला म्हणून ते आधीच आलं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. आत आक्काच्या दोन साड्या, दाजींचा एक सदरा. चांगुणाबायनं ते थर ओटीवर अंथरले, तळव्यानं मधून बाहेर सारवल्यासारखं करत सगळ्या सुरकुत्या घालवल्या, कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले. गोधडी कडेपासून सुरू करायची आणि फेऱ्या मारत मारत मध्याकडे जायचं, हे तिनं दाखवलं. पहिली कडेची फेरी मी घातली. पाच टाके घातले की मी मागं वळून बघायचे, आणि तिसरा टाका तांदळाएवढा जास्त लांब दिसला की पाचही उसवायचे. चांगुणाबाय वाल सोलत बसली होती. बराच वेळ तिनं बघितलं.

"उसवतेस कशाला गो?"

"वाकडा गेला."

"मग? गाडी जायाची हाय त्याच्यावरून?"

मी हसले, पण उसवलं. सोललेले वाल तिनं ओच्यात घेतले आणि उठताना, सुई टोचून माझ्या बोटावर आलेलं रक्त स्वतःच्या पदरानं पुसलं.

मग बायका यायला लागल्या. दुपारी दोघी-तिघी, आपापली सुई पदराला टोचून. रीत अशी की प्रत्येकीनं हातभर लांब दुहेरी दोरा ओवायचा, आधीच्या बाईचा दोरा जिथं संपला तिथून सुरू करायचं, आणि आपला दोरा संपला की गाठ मारून उठायचं. येसूबाय डावखुरी होती. तिचे टाके सगळे एका बाजूला कललेले, वाऱ्यात भात झुकतो तसे. तोंडही तसंच, एका बाजूला झुकून बोलायची. "माज्याकडं बगू नको गो मास्तरीन," मला म्हणायची, "मी बसले का माज्या कोंबड्यासुद्धा अंडं वाकडं घालतात." सोनूबायला दिसायचं कमी. ती बोटानं चाचपून शिवायची आणि तिचे टाके पेरभर लांब, मध्येच दोन एकमेकांवर चढलेले. आणखी दोघी-तिघी होत्या. एकीनं पिवळा दोरा आणला, तिच्या घरात तोच होता. त्या शिवायच्या कमी आणि हसायच्या जास्त. कुणाचा नवरा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर गेला तो दारू शिकून आला, कुणाच्या सुनेनं बोंबलाचं कालवण कुत्र्याला घातलं, असं चालायचं. आक्का दाराशी उशीला टेकून ऐकत असायची. या गावात आल्यापासून ती इतकी हसलेली मी बघितली नव्हती. आणि मी? मी त्या गोधडीकडे बघत होते. माझी सरळ कड, आणि तिच्या आत हा सगळा गोंधळ. वाटायचं, आईचं लुगडं, आक्काचं इतक्या नवसाचं बाळ, आणि त्याच्या अंगावर हे घालायचं? दाजी बघतील तेव्हा म्हणतील, सुमीनं शिवली ना?

मी काय केलं ते आता सरळ लिहिते. गोधडी माझ्या ताब्यात असायची. दुपारी बायका गेल्या, आक्का कुशीवर वळून झोपली की मी मागल्या दारी बसायचे. दाजींच्या दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा मी कागदात गुंडाळून ठेवला होता. त्यानं गाठी कापायच्या आणि सुईच्या नाकानं एकेक टाका उचलून दोरा ओढून काढायचा. येसूबायचा कललेला दोरा, सोनूबायचा चाचपडलेला, तो पिवळासुद्धा. सुईची भोकं नखानं घासून बुजवायची. मग माझी फूटपट्टी ठेवायची, पेन्सिलीनं फिकट रेघ ओढायची, आणि त्या रेघेवर गव्हाच्या दाण्याएवढे टाके घालत जायचं. कुणाचा दोरा कुठं संपला ते लक्षात ठेवून मी तिथंच गाठ मारायचे, म्हणजे उद्या पुढची बाई बरोबर तिथून सुरू करेल. शिवून झालेल्या कडा मी दुमडून ठेवायचे, त्यामुळे मागचं कुणाच्या नजरेस पडत नसे. काढलेले दोरे मी एका डब्यात टाकले. ते फेकायला मन झालं नाही, एवढं तरी शहाणपण होतं. खोटं कशाला बोलू, मला त्या दुपारी फार सुख लागलं. आयुष्यात पहिल्यांदा एक काम शेवटापर्यंत माझ्या मनासारखं होत चाललं होतं. मला वाटत होतं मी सगळ्यांची झाकपाक करतेय. त्या बायांना बिचाऱ्यांना येत नाही, मला येतं, तर आपण करून टाकावं, कुणाला बोलू नये. यात मला मोठेपणासुद्धा वाटत होता.

गोधडी पुरी झाली आणि चौथ्या दिवशी, वेळेच्या आधीच, सकाळी आक्काला कळा सुरू झाल्या. दाजी पाळीवर होते. मी घाबरून खाली पाड्यावर धावले. चांगुणाबाय आणि येसूबाय हातातली कामं टाकून आल्या, एकीनं धरणावर निरोप पाठवून जीप मागवली, दुसरी आक्काबरोबर शहापूरच्या दवाखान्यात गेली. मुलगा झाला. लहानसा, ओंजळीत मावेल एवढा, रडला तरी आवाज नीट फुटेना. डॉक्टर म्हणाले, ऊब द्या, जपा. तिसऱ्या दिवशी आक्का त्याला घेऊन घरी आली. बाजेवर मी ती गोधडी अंथरून ठेवली होती. दाजींनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मशिनवर घातल्यागत झालीया की सुमे." तेवढ्यासाठीच तर मी सगळं केलं होतं. त्या रात्री मला शांत झोप लागली.

पाचव्या दिवशी पाचवी पुजायला बायका आल्या. पाट मांडला, वरवंटा ठेवला, हळदकुंकू झालं. बाळ गोधडीवर झोपलं होतं. मग चांगुणाबाय म्हणाली, "चला गो, आपापला दोरा हुडका. पोराला उचला."

मला कळेना. येसूबायनं सांगितलं, ते सुद्धा माझी फिरकी घेत. "तुला नाय ठावं, मास्तरीन? जिनं दोरा घातला तिनं आज आपल्या दोऱ्यावर बोट ठेवाचं न पोराला उचलून घ्याचं. मंग ते पोर तिचं. उद्या वाटंवर पडलं, पान्याकडं गेलं, उपाशी ऱ्हायलं, का जिचा दोरा हाय तिनं उचलाचं. आईची वाट नाय बगाची. पयल्या पोराच्या टायमाला तुझ्या आक्काचं कोन व्हतं इथं? कोनीच नाय. म्हनून तर चांगुणाबायनं आमाला सगळ्यांना बसवली."

आणि ती वाकली. डावा हात गोधडीवरून फिरायला लागला. पहिल्या फेरीवरून, दुसऱ्या, तिसऱ्या. तिचा हात थांबेना. "अगो, माजा दोरा कुटं हाय? माजा कसा आडवा असतो..." सोनूबाय डोळे मिटून बोटं फिरवत होती, तिची बोटं तिच्या लांब टाक्यांना ओळखत होती, आणि ते त्यांना सापडेनात. "पिवळा व्हता माजा," तिसरी म्हणाली. "पिवळा कुठं गेला?" हसणं थांबलं. सगळ्या वाकून बघत होत्या आणि कुणाचाच हात बाळाला उचलायला पुढे होत नव्हता. ते मध्ये झोपलेलं, माझ्या सरळ, सारख्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या टाक्यांच्या चौकोनात, एकटं. आक्काचा चेहरा मी बघितला. तिला अजून काही समजलं नव्हतं, पण ती पांढरी पडली होती. एक मूल गेलेल्या बाईला अशा वेळी काय वाटत असेल ते मी आज जाणते.

चांगुणाबायनं गोधडीकडे बघितलं नाही. तिनं माझ्या हातांकडे बघितलं. मी ते पाठीमागे घेतले. तेवढ्यानं तिला सगळं समजलं. मला वाटलं आता ती सांगणार, आणि मला उद्याच्या एसटीत बसवणार. ती थांबून राहिली. ती माझ्यासाठी थांबलेली आहे, हे मला जरा वेळानं उमगलं.

"मी उसवले," मी म्हणाले. "सगळ्यांचे. वाकडे होते म्हणून. मला ठाऊक नव्हतं."

मग चांगुणाबाय म्हणाली, "बरं. म्हंजे आता हे पोर पडलं का हिनं एकटीनं उचलाचं. शाळेत गेलं का ही, तापलं का ही, लगीन व्हईस्तवर ही. आमी मोकळ्या. चला गो घरी."

आधी येसूबाय हसली. तिचं ते एका बाजूचं हसणं. मग बाकीच्या हसल्या, आणि मी मात्र ढसाढसा रडायला लागले. सोनूबायनं चाचपत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "रडू नको गो. माजे टाके बगून माजी सासू पन रडायची." मी आत जाऊन तो डबा आणला. त्यात उसवलेले दोरे गुंतून एकच गोळा झाला होता. येसूबायनं तो उघडून बघितला. "ह्यो बग, पिवळा गावला!" असं ओरडली, जणू तिची हरवलेली शेळी सापडली.

"सुया ओव," चांगुणाबाय मला म्हणाली.

मी सुया ओवत राहिले आणि त्या पुन्हा बसल्या. माझे टाके त्यांनी उसवले नाहीत. माझ्याच ओळींच्या मधल्या जागेत, कुठं त्यांच्यावरूनच, त्या आपापला दोरा घालत गेल्या. कललेला, चढलेला, पिवळ्याच्या जागी या वेळी हिरवा. एकीचा दोरा संपला की ती बोट ठेवायची, बाळाला उचलायची, नाव न ठेवलेल्या त्या जिवाला काहीबाही म्हणायची, आणि पुढचीच्या मांडीवर द्यायची. शेवटी चांगुणाबायनं तिचा घातला. आणि मग सुई माझ्याकडे केली.

"मी तर घातलेत," मी म्हणाले. "एवढे सगळे माझेच आहेत."

"ते फूटपट्टीचे हायेत. तुझा अजून कुठं हाय?" आणि तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "आसंच शिव. ह्याला घेऊन."

डावा हात बाळाच्या मानेखाली, उजव्या हातात सुई. फूटपट्टी ठेवायला तिसरा हात नव्हता. बाळ हललं की सुई हलायची. चार टाके घातले आणि दोरा एकदम नदीसारखा वळला. माझा अंगठा आपोआप टाका उचलायला गेला. चांगुणाबायनं माझं मनगट धरलं. घट्ट नाही, मुलाला रस्त्यावर धरावं तसं. "ऱ्हाऊ दे. तवा हाललं व्हतं ना ते? मंग ते पन दिसू दे." मी ते राहू दिलं. मान वर करून बघितलं तर कुणीच माझ्या टाक्यांकडे बघत नव्हतं. येसूबाय आक्काला डिंकाच्या लाडवात मेथी किती घालायची ते सांगत होती. एवढी वर्षं जो वर्ग माझ्याकडे टक लावून बघतोय असं मला वाटत आलं होतं, तो तिथं नव्हताच. दोरा संपला. गाठ मारली. बोट ठेवलं आणि बाळाला उचललं.

संध्याकाळी दाजींना सगळं कळलं. ते म्हणाले, "मी मागंच म्हणत होतो हिला धाडून देऊया, आईची आठवण येत असंल पोरीला. आता कशी धाडणार? दोरा घालून बसली." म्हणजे इतके महिने मी ज्या वाक्याच्या भीतीनं कपांचे कान सरळ करत होते, त्याचा पुढचा अर्धा भाग असा होता. मी तो थांबून ऐकला असता तर पुष्कळ वाकड्या भाकऱ्या वाचल्या असत्या.

तो मुलगा जगला. तीन वर्षांचा असताना एका दुपारी चेंडूमागं कालव्याच्या दिशेनं गेला. आक्का आणि मी त्याला घरात शोधत होतो, आणि खालून येसूबाय त्याला कडेवर घेऊन, डाव्या हातानं त्याच्या कुल्ल्यावर चापट्या देत येताना दिसली. "मास्तरीन," लांबूनच ओरडली, "माजा दोरा हाय म्हनून आनला हो, नायतर तुझ्या पट्टीवर बसून व्हाऊन गेला असता!"

पुढे मीही याच पट्ट्यात राहिले. लग्न होऊन मुरबाडला आले, आणि गावाकडे जाणं सणासुदीपुरतं, मग आई-वडील गेल्यावर तेवढंही राहिलं नाही. गोधड्या शिवण्यावर घर चाललं असं म्हणणार नाही, पण घर चालताना हातात कायम गोधडी होती. अलीकडे शेतघरं बांधलेल्या शहरातल्या बाया गाडी थांबवून येतात आणि म्हणतात, "मावशी, थोडी वाकडीतिकडी असू दे हं, हातानं केलेली वाटली पाहिजे." मला हसू येतं. मुद्दाम वाकडं मला अजूनही घालता येत नाही. मी सरळच घालायला जाते. वाकडं जातं ते आपलं आपण, आणि मी ते राहू देते. शिकले ते एवढंच. ते सुद्धा रोज नव्यानं. आजही एखादा टाका लांब गेला की अंगठा उठतो. मग मी सुई पदराला टोचते, चहा ठेवते, आणि परत येऊन पुढचा टाका घालते. फूटपट्टी अजून घरात आहे. मागल्या खिडकीची फट मोठी आहे, तिथं खोचून ठेवली आहे, म्हणजे वाऱ्यानं झडप आपटत नाही.

चांगुणाबाय आता धसईला, तिच्या लेकीकडे असते. धसई तिचं माहेरही. मुरबाडहून एसटी जाते, फार लांब नाही. गेल्या खेपेला गेले तेव्हा ती उन्हात बसली होती, लेकीनं घेऊन दिलेली मिलची चादर गुडघ्यांवर. डोळ्यांनी फारसं दिसत नाही. माझे हात हातात घेऊन चाचपत राहिली आणि म्हणाली, "खरखरीत झाले गो. बरं झालं." मग इकडतिकडचं बोलता बोलता सहज म्हणाली, "एवढ्या पोरांना घातल्या, पन मला गोधडी कोनी नाय घातली. मी जलमले तवा आमच्या घरात चिंधी पन शिल्लक नव्हती." तक्रार नव्हती त्यात. पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

त्याला तीन वर्षं झाली. परत आल्याबरोबर मी तिच्यासाठी गोधडी घातली. आक्काचा दोरा आणला, पाड्यावर जाऊन येसूबायच्या सुनेचा आणला, आणि सोनूबायच्या नातीचा, तिला तर सुई कशी धरायची तेही ठाऊक नव्हतं. ज्याला मी उसवलेल्या गोधडीवर झोपवलं होतं, त्या आता टक्कल पडत चाललेल्या भाच्यानंसुद्धा एक दोरा घातला, जीभ बाहेर काढून. गोधडी वर्षापूर्वीच पुरी झाली. पण ती ट्रंकेत आहे, कारण मी शिवलेली एक बाजू मला पसंत पडेना. तिला द्यायची, मग ती तरी नीट नको का, असं मनात येतं आणि मी पुन्हा झाकण लावते. हे लिहिताना मला माझीच लाज वाटली. तिला दिसत नाही, ती बोटांनी बघणार. आणि सरळ टाक्यांत तिला मी सापडणार कशी?

तेव्हा चांगुणाबाय, हे लिहून ठेवते म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. तुझी गोधडी मी आणते. ती बाजू उसवलेली नाही, उसवणारही नाही. धसईच्या एसटीत मांडीवर घेऊन बसेन, तुझ्या अंगावर घालेन, आणि तू प्रत्येकीचा दोरा हुडकेपर्यंत शेजारी बसून राहीन. माझा तुला लगेच कळेल. एके ठिकाणी तो नदीसारखा वळला आहे.